पाणी गरम होतं

शरयूताई कारखानिसांबरोबर सिनेमाला जाऊ नये, हे तोक्योजवळच्या इचिकावातल्या आमच्या इमारतीतल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होतं. सुरुवातीची नावं संपायच्या आत त्या शेजारणीच्या कानाशी लागून "हाच" म्हणायच्या. कोण हाच? पडद्यावर अजून कुणी मेलेलंसुद्धा नसायचं. वैताग याचा, की शेवटी तो खरोखर हाच निघायचा. मग घरी येताना रेल्वेत आपण कसं ओळखलं ते त्या सविस्तर सांगायच्या, आणि डब्यातले जपानी लोक माना खाली घालून झोपल्याचं सोंग करायचे.

आम्ही दोन हजार सालानंतर आलेल्या सॉफ्टवेअरच्या लोंढ्यातले. नवरे सकाळी तोयोसूच्या काचेच्या इमारतींकडे जायचे आणि बायका दिवसभर हिरव्या मिरच्या कुठे मिळतात याचा शोध घ्यायच्या. कारखानीस त्याच्या बऱ्याच आधीचे. अविनाशराव मुंबईच्या एका बँकेतर्फे तोक्योला आले होते. बदलीची मुदत संपली तेव्हा मुलाची शाळा मोडायला नको म्हणून त्यांनी बँक सोडली आणि तोयोसूलाच एका कंपनीत हिशेबाच्या विभागात लागले. आम्हाला सगळ्यांना ते दोघं वडीलधारे. गॅस कसा सुरू करून घ्यायचा, कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा, हे सगळं शरयूताईंनी शिकवलं. पण शिकवताना त्या आपल्या घराची अशी काही पाहणी करायच्या, की ते शिक्षण नको व्हायचं.

पन्नाशीच्या, बुटक्या, केसांचा घट्ट अंबाडा आणि अंगात बारा महिने अविनाशरावांचं जुनं करडं विंडचीटर. सायकलच्या पुढच्या टोपलीत भाजीपेक्षा पुस्तकं जास्त. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्या जपानी रहस्यकथा आणायच्या, आणि रहस्यकथेशिवाय दुसरं काही वाचायच्या नाहीत. त्यांचं सगळं जपानी त्यातूनच आलेलं. त्यामुळे पोलीस ठाण्यात लागणारा प्रत्येक शब्द त्यांना यायचा आणि भाजीबाजारातला एकही यायचा नाही. एकदा दाढ दुखायला लागली म्हणून मला सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. कधीपासून दुखतंय, असं त्यानं विचारलं. शरयूताईंनी शांतपणे सांगितलं, की दाढेचा मृत्यू काल संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान झाला असावा. डॉक्टर तरुण होता. त्यानं मास्क लावलेला होता म्हणून बरं.

त्यांनी जपानीत वाचलेल्या पहिल्याच कादंबरीत एक मोठी चूक होती. खुनी छत्री घेऊन घरात शिरतो आणि छत्रीशिवाय बाहेर पडतो. पुढे तीनशे पानं त्या छत्रीचं कुणी नाव काढत नाही. ही गोष्ट शरयूताईंच्या मनाला एवढी लागली होती, की कुणाच्याही बोलण्यात कच्चा दुवा दिसला की त्या विचारायच्या, "मग छत्री कुठे गेली?" कुणाची डोकेदुखी असो, कुणाच्या सासूबाईंचा व्हिसा असो, छत्री यायचीच.

माझ्या घरातली छत्री त्यांनी पहिल्या महिन्यातच शोधून काढली. आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. माझे सासरे कडक माळकरी. नितीन, माझा नवरा, आपण जपानमध्ये अंडंसुद्धा शिवलं नाही असं मोठ्या अभिमानानं सांगत होता. शरयूताईंनी त्याचा कोट खुंटीला अडकवताना खिशाला हात लावला आणि त्यातून एक छोटी लाकडी काडी काढली. कोनबिनीत, म्हणजे इथल्या दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, तळलेल्या चिकनचे तुकडे कागदी पुडीत देतात, त्याबरोबर अशी काडी देतात. त्यांनी ती काडी टेबलावर ठेवली आणि हे सगळं सांगितलं. वर नितीनच्या कोटाला येणाऱ्या वासावरून ते चिकन आजचंच आहे, हेही सांगितलं. आम्ही दोघं पुढचा आठवडाभर एकमेकांशी बोललो नाही. चिकनचं मला काही वाटलं नव्हतं. पण माझ्या नवऱ्याचं खोटं मला दुसऱ्या बाईनं, तेही वरण वाढता वाढता सांगावं, याचा संताप आला होता. तो मी त्यांच्याकडे बोलून दाखवला, तेव्हा त्यांना खरंच कळेना. म्हणाल्या, "खोटं लवकर पकडलं की लहान असतं गं. ठेवलं की वाढतं."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. अविनाशराव तर बोलायच्या आधी मनातल्या मनात वाक्य तपासून घ्यायचे, असं मला नेहमी वाटायचं.

त्यांचा मुलगा अमेय. सहाव्या वर्षी जपानला आलेला. आईवडील मराठीत बोलायचे, तो जपानीत उत्तर द्यायचा, आणि तिघांनाही त्यात काही वेगळं वाटायचं नाही. उंच, लाजरा मुलगा. आम्ही आलो तेव्हा तो शिंजुकूच्या पलीकडच्या एका विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होता. प्रयोगशाळेत फार काम असतं म्हणून उशिरा यायचा.

त्या वर्षी गणपतीला कारखानिसांकडे आम्ही सगळे जमलो होतो. आरती झाली, तबक फिरत होतं. अमेय मोदकांचं ताट उचलायला वाकला आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून रेल्वेचा पास पडला. तेइकी म्हणतात त्याला, त्यावर जायच्या-यायच्या स्टेशनांची नावं छापलेली असतात. शरयूताईंनी पास उचलला. त्यांनी तो नुसता परत दिला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांच्या चेहऱ्यावर ते सिनेमातलं "हाच" आलं. म्हणाल्या, गंमत बघा, पास किन्शिचोपर्यंतचाच आहे. विद्यापीठ तर कितीतरी पुढे. मग त्यांनी त्याचा हात धरून बाही वर केली. मनगटाच्या वर तेलाचे चटके होते. प्रयोगशाळेत तेल उडतं का, असं त्यांनी विचारलं. केसांना हाडांच्या रश्श्याचा वास येतो, तो किती दिवसांपासून येतोय तेही सांगितलं. वीसएक माणसांसमोर, आरतीचं तबक अजून फिरत असताना, त्यांनी पायरी पायरीनं सिद्ध केलं की आपला मुलगा कित्येक महिने विद्यापीठात गेलेलाच नाही, तो किन्शिचोला रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या दुकानात काम करतो. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. खरं सांगायचं तर त्या रंगल्या होत्या. कोडं सुटल्याच्या आनंदात समोर कोण उभं आहे याचा त्यांना विसर पडला होता.

एरवी जपानीत उत्तर देणारा अमेय त्या दिवशी मराठीत बोलला. "आई, तुला घरी विचारता आलं असतं."

त्यानं ताट खाली ठेवलं, दारात बूट घातले आणि गेला. शरयूताई म्हणाल्या, येईल जेवायला. तो आला नाही. त्या रात्रीही नाही आणि नंतरही नाही. काही दिवसांनी अविनाशराव त्याचे कपडे आणि पुस्तकं एका बॅगेत भरून कुठेतरी देऊन आले.

त्यानंतर शरयूताई थोड्या गप्प होतील, असं आम्हाला वाटलं होतं. उलट त्या जास्तच वैताग द्यायला लागल्या. सायकली लावायच्या जागेवरून भांडायच्या, आमच्या मुलांचा अभ्यास तपासायच्या, वर्षाच्या घरी येणारा दूधवाला खोटं बोलतो म्हणून त्याच्या कंपनीत फोन करायच्या. वर्षा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण. ती एक दिवस म्हणाली, यांना काहीतरी काम द्यायला हवं, नाहीतर आपण सगळ्या एक दिवस यांचा खून करू आणि पुरावेही त्यांनाच शोधायला लावू. मग तिनंच युक्ती काढली. दर मंगळवारी दुपारी आम्ही पाचजणींनी तिच्याकडे जमायचं आणि शरयूताईंनी वाचलेली कादंबरी आम्हाला मराठीत सांगायची. अट एकच, खुनी आधी सांगायचा नाही.

आणि इथे त्यांचं वेगळंच रूप दिसलं. मटार सोलत सोलत त्या गोष्ट सांगायच्या आणि आम्ही चहा विसरायचो. मुलांना शाळेतून आणायची वेळ व्हायची तरी कुणी उठायचं नाही. सगळ्यात रंगली ती सेन्तोची गोष्ट. सेन्तो म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, मोठ्या हौदात गरम पाणी असतं आणि गल्लीतली माणसं संध्याकाळी तिथे बसून शेकतात. समुद्राकाठच्या लहान गावात एक विधवा बाई असं न्हाणीघर चालवते. भट्टीवर तिचा भाचा, तिशीचा, अबोल माणूस. तिनंच वाढवलेला. एका संध्याकाळी बंदरावर लाकडाच्या व्यापाऱ्याचा खून होतो. तो या भाच्याला वर्षानुवर्षं छळत आलेला असतो. भाचा म्हणतो, मी त्या वेळी भट्टी सोडलीच नव्हती. तो भट्टी सोडून गेला असेल तर हौदातलं पाणी गार पडलं असणार. आणि पावसामुळे त्या संध्याकाळी गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतंच, म्हणून विचारायचं ते गल्ल्यावर बसलेल्या मावशीलाच. तपास करणारा अधिकारी लठ्ठ, संथ, त्याच न्हाणीघरात रोज येणारा. शेवटी तो येतो, गल्ल्यासमोर बसतो आणि विचारतो, त्या संध्याकाळी पाणी कसं होतं?

शरयूताईंनी तिथे मटार सोलायचे थांबवले होते. "ती म्हणते, पाणी गरम होतं. नेहमीसारखं." मग त्यांनी सांगितलं, की अधिकारी स्वतः त्या संध्याकाळी हौदात उतरलेला असतो आणि कुडकुडत घरी गेलेला असतो. म्हणजे ती खोटं बोलतेय हे त्याला कळतं. तो थोडा वेळ बसतो, मग 'गरम' असं लिहून घेतो आणि टॉवेल खांद्यावर टाकून आत जातो. संपलं. वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी इतकंच म्हटलं, की शरयूताई, तुम्हाला असली खोटं बोलणारी बाई कशी काय चालली? त्यांनी मटारची सालं गोळा केली आणि उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

पुढच्याच वर्षी त्या कादंबरीवर कोरियन सिनेमा आला. त्या काळात जपानी बायकांना कोरियन मालिकांचं वेड लागलेलं. आम्हाला तेवढं नव्हतं, पण ही तर आमची गोष्ट. तोक्योतल्या एका छोट्या थिएटरात लागलाय असं कळल्यावर आम्ही पाचजणींनी शरयूताईंबरोबर सिनेमाला न जाण्याचा नियम मोडला. संवाद कोरियन, खाली जपानी अक्षरं. अर्धी वाचेपर्यंत निघून जायची, पण गोष्ट तोंडपाठ होती.

थिएटरात जपानी प्रेक्षक श्वाससुद्धा जपून घेतात. शरयूताई पहिल्या दृश्यापासून सुरू झाल्या. गाव लहान हवं, हे बुसानसारखं मोठं शहर कशाला? अधिकारी लठ्ठ हवा, हा तर नट दिसतोय. पुस्तकात कुणी एकदाही धावत नाही, इथे सगळे पावसातून धावतायत. पुस्तकात रडणं एकदा, इथे प्रत्येक दारात. पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी वळून पाहिलं आणि किंचित वाकून नमस्कार केला. गप्प बसा, असं म्हणण्याची ती अतिशय सभ्य पद्धत. शरयूताईंनीही वाकून नमस्कार केला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. मी खुर्चीत इतकी खाली घसरले, की मला पडद्याचा वरचा भागच दिसत होता.

मग तो शेवटचा प्रसंग आला. अधिकारी गल्ल्यासमोर बसला. शरयूताई उठल्या आणि आमच्या सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर निघून गेल्या. त्या वृद्ध गृहस्थांनी सुस्कारा सोडला असावा.

पडद्यावर मावशीनं अधिकाऱ्याकडे पाहिलं. मग ती एकच वाक्य बोलली. खाली आलेली अक्षरं वर्षानं आणि मी एकदमच वाचली. पाणी गार होतं. मागे लाकडं घेऊन येणाऱ्या भाच्यानं ते ऐकलं. त्यानं लाकडं नीट रचून ठेवली आणि बेड्यांसाठी हात पुढे केले.

बाहेर शरयूताई बाकावर बसलेल्या होत्या. आम्ही सगळ्या तावातावानं त्यांच्याभोवती जमलो. यांनी शेवट पार बदलला, असं वर्षा म्हणाली. शरयूताईंनी मान हलवली. कोरियन लोक असेच, त्यांना शेवटी माणसं उद्ध्वस्त झालेली लागतात, चांगल्या पुस्तकाची वाट लावली, असं बरंच काही बोलल्या. स्टेशनपर्यंत आम्ही त्या बिचाऱ्या दिग्दर्शकाचा उद्धार करत आलो.

आठवड्याभरानं आमच्या वस्तीच्या सभागृहात मोरिता-सानचा जपानीचा वर्ग होता. मोरिता-सान निवृत्त शिक्षिका, आम्हा परदेशी बायकांना हौसेनं शिकवायच्या. मी माझ्या मोडक्या जपानीत त्यांना तक्रार सांगितली, की तुमच्या कादंबरीचा शेवट कोरियन लोकांनी बिघडवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, नाही, पुस्तकातही असंच आहे. पाणी गार होतं. त्या वाक्यासाठीच तर लोक ते पुस्तक वाचतात. तिनं गरम म्हणावं असं अधिकाऱ्यालाच वाटत असतं, तो तिला तीनतीनदा संधी देतो. पण त्या बाईला आयुष्यात खोटं बोलता आलेलं नसतं.

मी वर्गातून उठून थेट शरयूताईंकडे गेले. माझं डोकं फिरलं होतं. माझ्या नवऱ्याची लाकडी काडी टेबलावर मांडणारी ही बाई आम्हा पाचजणींना महिनोन् महिने बनवत होती, आणि वर अख्ख्या कोरियाला नावं ठेवत होती. त्या स्वयंपाकघरात मुळा किसत उभ्या होत्या.

"ताई, पुस्तकातही पाणी गारच होतं," मी म्हटलं.

"कोण म्हणालं?"

"मोरिता-सान."

"मोरिता-सान पुस्तकं वाचतात हे माझ्या लक्षातच आलं नाही." त्या किसतच होत्या.

मग आम्हाला खोटं का सांगितलंत, असं मी विचारलं. आवाज चढलाच होता माझा. त्यांनी किसणी बाजूला ठेवली, हात पुसले.

"वाचताना वाचलं गं मी. परत वाचलं. पण तुमच्यापुढे सांगायची वेळ आली आणि तोंडातून 'गार' येईना. ती बाई काही चुकत नाही. खरं तेच बोलते. सगळं पुस्तक शोधून मला तिच्यात एक कच्चा दुवा सापडला नाही. आणि तरी वाटत राहिलं, बये, गरम म्हण. काय जातंय तुझं."

मग जा ना अमेयकडे, असं मी शेवटी म्हटलं. त्यावर त्यांनी किसणी पुन्हा उचलली. त्यानं बोलवायला हवं, म्हणाल्या. आपण कसं जाणार?

पुढचं वर्षभर त्यांनी हेच चालवलं. अविनाशराव महिन्यातून एकदा किन्शिचोला अमेयकडे जाऊन यायचे आणि घरी ऑफिसची मीटिंग होती असं सांगायचे. बायकोला पत्ता नाही, असं ते मला खासगीत म्हणाले. त्यांच्या कोटाला रश्श्याचा वास येत असणार, आणि त्या नाकाला तो जिन्यातूनच कळत असणार. पण शरयूताई कोट घ्यायच्या, खुंटीला अडकवायच्या आणि मीटिंग कशी झाली असं विचारायच्या. मला हे दिसायचं आणि त्या दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटायचं.

त्यानंतर नितीनला त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत काम मिळालं आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. आखीवरेखीव गाव, रुंद रस्ते, गाड्या आणि सायकली. नवी रेल्वे सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. निघताना अविनाशरावांनी सांगितलं, की अमेयनं रामेनचं दुकान सोडलंय, तोही आता त्सुकुबालाच आहे, सायकलींच्या दुकानात. मी शरयूताईंना तसं स्पष्ट कळवलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, तुझं नवं घर बघायला येईन म्हणते.

त्या आल्या. घर पाहिलं, कपाटं उघडून पाहिली, नळ गळतोय हे मला सांगितलं. अमेयचं नाव नाही. जेवण झालं, ताक झालं. माझा धीर सुटत चालला होता. मग त्या अंगणात गेल्या, माझी सायकल जरा पुढेमागे ढकलली आणि म्हणाल्या, हिचा ब्रेक वाजतो. दुरुस्त करायला हवा. इथे कुठे दुकान आहे का?

माझी सायकल कोरी करकरीत होती.

दुकानात अमेय एक चाक काढून बसला होता. आईला पाहून उठला. मीच सायकल पुढे केली आणि ब्रेक वाजतो म्हणून सांगितलं. त्यानं ब्रेक दाबून पाहिला, सोडला, परत दाबला. ठीक आहे, असं तो जपानीत म्हणाला. मला आवाज आला, शरयूताई मराठीत म्हणाल्या. त्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तेलाची बाटली आणली आणि ज्या ब्रेकला काही झालं नव्हतं त्याला हलक्या हातानं तेल घातलं. मग म्हणाला, चहा करतो.

दुकानामागेच त्याची खोली होती. आत पाऊल टाकलं आणि माझीच नजर एकेका वस्तूवर अडकायला लागली. नळाच्या तोटीला केस बांधायची जांभळी रबरी रिंग अडकवलेली. गॅलरीत दोन गाद्या वाळत घातलेल्या. खिडकीत कुणीतरी निगुतीनं वाढवलेली तुळशीसारखी रोपं. दारात बायकी चपला, त्याही छोट्या मापाच्या. मला एवढं दिसलं, तर शरयूताईंना काय काय दिसलं असेल? चहा ओतताना तो खाली बघत म्हणाला, एकटाच राहतो, बरं चाललंय. डोळ्यांसमोर ते आरतीचं तबक आलं.

शरयूताईंनी खोलीभर एक नजर फिरवली. "छान आहे जागा," त्या म्हणाल्या. "एकट्याला पुरेशी आहे."

चहा संपला. आम्ही स्टेशनकडे निघालो. कोपरा वळल्याबरोबर मी म्हटलं, ताई, गॅलरी पाहिलीत? दोन गाद्या होत्या. तुम्हाला दिसलं नाही असं सांगू नका मला. त्या शांतपणे चालत राहिल्या. "मला काही दिसलं नाही," म्हणाल्या. इतकी वर्षं त्या सगळं पाहतात म्हणून मी वैतागले होते, आणि त्या दिवशी काही पाहत नाहीत म्हणून वैतागले. त्यांच्याबरोबर कुठल्याच बाजूनं सुख नव्हतं.

त्यानंतर सहाएक महिन्यांत अविनाशराव निवृत्त झाले आणि दोघं ठाण्याला परत गेले. फोन यायचे. माझ्या आवाजावरून मला सर्दी झालीय हे त्या अजून ओळखायच्या. अमेयनं लग्न ठरल्याचं कळवलं, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन करून बातमी दिली. मुलगी तिथलीच आहे, बागकाम करते, आम्हाला कल्पनाच नव्हती गं, असं त्या म्हणाल्या. आवाजात आश्चर्य अगदी नीट उतरलं होतं. लग्न ठाण्याला झालं, त्याला मी जाऊ शकले नाही. त्यामुळे त्यांची माझी शेवटची भेट त्या दिवशी त्सुकुबाच्या स्टेशनवर झाली तीच.

तिकीट काढल्यावर त्यांनी पिशवी चाचपली आणि वाचायचा चष्मा अमेयकडे राहिला असं सांगितलं. घरून निघताना पिशवी दोनदा तपासणारी ही बाई. परत जाऊ या, मी म्हटलं. गाडी चुकेल, तू त्याला फोन कर, असं त्या म्हणाल्या. मुद्दाम ठेवलात ना, असं मी विचारलं. "वय झालं गं," म्हणाल्या.

अमेय सायकल दामटत आला. दुकानाचा ॲप्रन अंगात तसाच, हात तेलानं काळे, धाप लागलेली. दुकान उघडं टाकून आला होता हे कुणालाही कळलं असतं.

"आई, चष्मा," तो मराठीत म्हणाला. "मी इकडेच येत होतो."

शरयूताईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी वाट पाहत होते. आता ॲप्रन, आता हात, आता धाप.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मग तुला वाट वाकडी नाही करावी लागली."

"नाही," तो म्हणाला.

त्यांनी चष्मा घेतला आणि तिथेच डोळ्यांवर चढवला. वाचण्यासारखं समोर काही नव्हतं. जवळचं बघायचा चष्मा तो, त्यातून दोन हातांच्या अंतरावर उभा असलेला मुलगा त्यांना धूसरच दिसत असणार. तरी गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.